टाकीचं कुलूप

मागच्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीविषयी लिहिलं होतं. या वेळचा विषय जरा अवजड आहे, सहा चाकांचा.

आमचं गाव निपाणीजवळ, तवंदी घाटाच्या बाजूला. काकांचा एक जुना डिझेल ट्रक आहे. जुन्या पद्धतीच्या पंपाचा, ना सेन्सर ना कॉम्प्युटर. आसपासच्या मळ्यांतली भाजी भरून पहाटे चारला निघायचं आणि सौदे सुरू व्हायच्या आत कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचायचं, ही त्याची रोजची खेप. उशीर झाला की दर पडतो आणि शेतकरी पुढच्या वेळी दुसऱ्याच्या गाडीत माल टाकतो.

गेल्या डिसेंबरात सुट्टीला बंगळूरहून घरी गेलो, तर काकांनी डिझेलच्या टाकीला कुलूप लावलेलं आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधलेली. काकू गप्प, ड्रायव्हर गप्प. हळूहळू कळलं ते असं. महिनाभर गाडी पहाटे नीट सुरू होत नव्हती. सेल्फ मारून मारून पंधरा-वीस मिनिटांनी पकडायची. पकडली तरी सगळे सिलिंडर पेटत नसल्यासारखी थडथडायची, मागून पांढऱ्या धुराचे लोट सोडायची आणि बंद पडायची. मग हातपंप मारायचा, पुन्हा सेल्फ. एकदा तापली की दिवसभर काही तक्रार नाही. त्यातच अ‍ॅव्हरेज पडलं होतं. काकांनी दोन्हीची सांगड घातली: रात्री पाईप काढून कोणीतरी डिझेल काढतंय, म्हणून लायनीत हवा शिरते आणि म्हणून सकाळी गाडी रुसते. ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. गाडीची किल्ली एकाकडेच असते. नऊ वर्षं आमच्याकडे असलेला माणूस.

तर्क म्हणून तो वाईट नव्हता, हे मला मान्य करावं लागलं. पण पुरावा कुठे होता?

मी कॉम्प्युटरचा बी.ई., इंजिनातलं मला फारसं कळत नाही. मूळ तत्त्व मात्र सोपं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबायची. ती 500 अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलने 1897 साली जर्मनीत ऑग्सबर्गला हेच यशस्वीपणे चालवून दाखवलं. आमच्या विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन आजोबा हँडल मारून सुरू करायचे, तेव्हा आधी वरचा लिव्हर उचलून धरत. तो लिव्हर व्हॉल्व्ह उघडा ठेवतो, म्हणजे चाक वेग घेईपर्यंत हवा दाबावी लागत नाही. लिव्हर सोडला की दाब तयार होतो आणि इंजिन पेटतं. सगळा खेळ दाबाच्या उष्णतेचा. थंडीत नेमकी तीच कमी पडते. गार सिलिंडर उष्णता शोषून घेतो, ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर कमी होतो, सेल्फ हळू फिरवतो आणि हळू दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून निसटते. उन्हाळ्यात गाडी जो बारीकसा दोष पोटात घालते, तो डिसेंबरात उघडा पडतो.

“डिझेल गोठत असंल,” असं एका शेजाऱ्याचं मत पडलं. आपल्याकडच्या 12-13 अंशांत ती शंका दूरची. ते दुखणं लडाखचं. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने 2019 साली उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. दुसऱ्या एका उत्साही मुलाने एअर फिल्टरपाशी पेटती चिंधी धरायचा उपाय सुचवला. हा प्रकार आपल्या भागात सर्रास चालतो, आणि भाजीच्या प्लास्टिक क्रेटनी भरलेल्या गाडीपाशी आग खेळवणं मला तरी वेडेपणा वाटतो. ईथरचा स्प्रेही असाच. ज्या इंजिनाला हीटर प्लग आहेत तिथे तो नळीतच भडकू शकतो, आणि जास्त मारला तर पिस्टन फोडतो.

तर पहिली गोष्ट, धूर. पहाटे चारला मोबाईलची बॅटरी लावून सायलेन्सरमागे उभा राहिलो. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नसेल तर ते पोचतच नाही. आमच्याकडे पहिली काही मिनिटं कोरडी गेली. हातपंप मारल्यावरच पांढरा धूर आला. म्हणजे काकांनी महिन्यापूर्वी घेतलेली नवी बॅटरी फुकट गेली. हे मी त्यांना लगेच सांगितलं नाही.

दुसरी, वेळूच्या काठीवर खुणा केल्या आणि रात्री दहा व पहाटे चार, अशी दोन्ही वेळा टाकी मोजली. सलग चार दिवस. एक बोटही फरक नाही. तरी गाडीने रोज तोच तमाशा केला. डिझेल कोणी नेत नव्हतं, पण हवा शिरत होती.

तिसरी युक्ती निपाणीच्या मेस्त्रींची. रात्री टाकीची लाईन सोडवून पाच लिटरचा डिझेलचा कॅन केबिनच्या टपाला बांधला, नळी थेट फीड पंपाला जोडली, हवा काढून ठेवली. पहाटे दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू. पंप, नोझल, कॉम्प्रेशन सगळे निर्दोष. गुन्हेगार टाकी ते पंप या सात-आठ फुटांतच होता.

चेसिसखालच्या रबरी पाईपला क्लिपच्या आत केसाएवढी चीर सापडली. पाईप कडक होऊन लाकडासारखा झाला होता. “पण खाली एक थेंब नाही,” मी म्हणालो. मेस्त्री म्हणाले, “साहेब, गळत न्हाई म्हणून धड हाय असं न्हवं. ही वढायची बाजू हाय. हितनं हवा आत जात्या, डिझेल भाईर येत न्हाई.” पंप डिझेल खेचत असतो, त्यामुळे चिरेतून हवाच आत येते, आणि रात्री गाडी उभी असताना लायनीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. थंडीत रबर आणखी आखडतं, क्लिप सैल पडते. पाईप आणि दोन क्लिपा, 350 रुपये.

राहिलं अ‍ॅव्हरेज. मी ड्रायव्हरला विचारलं, यार्डात गाडी उभी असताना काय करतोस? तो म्हणाला, “चालूच ठेवतो की. बंद केली आणि पुन्हा धरली न्हाई तर?” माल उतरेपर्यंत दोन-अडीच तास, शिवाय घरी पहाटेचा अर्धा तास. नुसतं उभं इंजिन तासाला एक-दोन लिटर सहज पितं. महिन्याचा हिशोब कागदावर मांडून काकांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि गोठ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी टाकीचं कुलूप निघालं होतं. काकांनी याबद्दल ड्रायव्हरला काही म्हटल्याचं मी ऐकलं नाही. तो पाडव्यापर्यंत राहिला आणि मग संकेश्वरच्या एका गाडीवर गेला. पगार तेवढाच आहे, असं काकू सांगत होती.