रोखा निजामाला, पावती बाईला

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली



आपण राज्यसभेत आमच्या कर्नाटकच्या खासदार. संरक्षण खातंही आपण सांभाळलेलं आहे. शिवाय राष्ट्रीय संरक्षण निधीचा कोषाध्यक्ष अर्थमंत्रीच असतो. म्हणून हे पत्र आपल्याच नावे. ते मराठीत आहे, कारण भीमेकाठच्या आमच्या बाजारात कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू अशा तिन्ही भाषांत घासाघीस चालते आणि माझी हिशेबाची भाषा मराठी आहे. मुद्दाही हिशेबाचाच आहे.

मे २०२५ मध्ये नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा रायचूरचं नाव यादीत होतं. युद्धाचं वारं सुटलं की इकडे पारावर एक गोष्ट हटकून निघते: १९६५ साली निजामानं देशाला पाच टन सोनं दान दिलं. आमचं अफजलपूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे सांगणाऱ्याच्या आवाजात थोडा घरचा अभिमानही असतो. गोष्ट खोटी आहे. माहिती अधिकारात जे बाहेर आलं त्याप्रमाणे सोनं ४२५ किलो होतं, आणि ते दान नव्हतं, सरकारच्या संरक्षण सुवर्ण योजनेतली गुंतवणूक होती.

त्या वर्षी काढलेल्या रोख्यांच्या अटी पाहाव्यात. सरकारला सोनं द्यायचं, त्यावर व्याज घ्यायचं आणि १९८० मध्ये मुदत संपली की सोनंच परत घ्यायचं. हे सोनं आलं कुठून, हा कराचा जाच नको म्हणून कायद्यानं सवलतही दिलेली. निजामानं गैर काही केलं नाही. सरकारनं जे देऊ केलं ते त्यानं घेतलं. पण संस्थानाच्या खजिन्यात जे साठलं ते रयतेच्या घामातून आलं होतं, हे आम्हाला कुणी सांगायला नको. पहिल्या महायुद्धात याच निजामाच्या पैशातून ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला विमानं मिळाली आणि तुकडीला हैदराबादचं नाव लागलं. दुसऱ्या महायुद्धात संस्थानातल्या शेतकऱ्याच्या खळ्यावर धान्याची लेव्ही आली. तिच्यावर व्याज कुणी दिल्याचं ऐकिवात नाही.

आता १९६२ आठवा. चीननं हल्ला केला, यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, आणि गावोगावच्या सभांत बायकांनी बांगड्या, मंगळसूत्रं काढून दिली. ती गेली संरक्षण निधीत. निधी ऐच्छिक देणग्यांचा, म्हणजे दिलं ते दिलं. तेव्हाही सुवर्ण रोखे निघाले होते, पण ते ज्यांच्याकडे सोन्याचा साठा होता त्यांच्या कामाचे. एकुलती एक बांगडी देणारीला रोख्याचा अर्ज कोण भरून देणार? लगेच जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी. देशभरचे सोनार, आमच्याकडचे पत्तार, बसल्या जागी बेकार झाले; काहींनी जीव दिला. कारागिराला संरक्षणाचा कायदा दाखवला आणि दोनच वर्षांनी साठेवाल्याला सवलत. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. सरकारला घाई असली की ज्याच्याकडे जास्त त्याची मनधरणी होते, आणि ज्याच्याकडे थोडं त्याच्या देशभक्तीला हाक घातली जाते.

१९७१ मध्ये निर्वासितांसाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लागलं. ते मला त्यातल्या त्यात सरळ वाटतं. निदान त्यात दानाचं सोंग नव्हतं.

माणसांच्या बाबतीतही हेच. २०२२ पासून अग्निवीर सैन्यात चार वर्षांसाठी जातो. जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होतो. बाकीचे सेवा निधी नावाची एकरकमी रक्कम घेऊन परत, आणि त्या निधीतही पगाराचा ३० टक्के वाटा त्याच्याच खिशातला. पेन्शन नाही. इथला कोरडवाहू तुरीचा शेतकरी मुलगा पाठवतो तेव्हा तो देशाला जे देतो, त्याची मुदत कोणत्या रोख्यावर लिहावी?

संरक्षण निधीतून माजी सैनिकांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, २०१९ मध्ये त्या वाढल्याही. हे चांगलंच झालं. पण गाणगापूरच्या देवळात देणगीची पावती मिळते तेवढ्यावर भक्ताचं समाधान होतं. सरकार देव नाही.

तेव्हा मागणी अशी. युद्ध नसताना, शांत डोक्यानं, कायद्यात लिहून ठेवा: पुढच्या वेळी देशासाठी सोनं मागाल तेव्हा एका ग्रॅमलाही रोखा मिळेल, आणि दान मागायचंच असेल तर आधी मोठ्या साठ्यांकडे जाल. अलीकडच्या सुवर्ण रोख्यांत एका ग्रॅमपासून पैसे गुंतवता येत होते, म्हणजे यंत्रणेला हे जमतं. आपण कर्नाटकच्या खासदार आहात आणि अर्थमंत्रीही, म्हणून या प्रश्नाचं उत्तर राज्यसभेत आपणच देऊ शकता. ते द्यावं.

आपला,
अफजलपूरचा एक करदाता