गिटचं मॅन्युअल नक्की कुणासाठी लिहिलंय?

तुमच्या फोनमधल्या अँड्रॉइडचा मूळ कोड गिटमध्ये ठेवलेला असतो. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं हे टूल मी रोज वापरतो. पण त्याच्या आतल्या कमांड्सचं मॅन्युअल उघडलं की भले भले अडखळतात. ते सोपं करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. ते का गरजेचे आहेत, ते बघू.

बेसिन आणि पाइप

रोजच्या 'ॲड', 'कमिट', 'पुश' या कमांड्सना गिटमध्ये 'पोर्सेलिन' म्हणतात, म्हणजे समोर दिसणारं चकचकीत बेसिन. भिंतीआडचे पाइप म्हणजे 'प्लंबिंग': फाइलचा मजकूर साठवणारी 'हॅश-ऑब्जेक्ट', फोल्डरची रचना नोंदवणारी 'राइट-ट्री', कमिट तयार करणारी 'कमिट-ट्री'.

फरक फक्त नावाचा नाही. पोर्सेलिनचं आउटपुट माणसांच्या सोयीसाठी कधीही बदलू शकतं. प्लंबिंगचं शक्यतो बदलायचं नाही, असं गिटचं धोरण आहे. म्हणून स्क्रिप्ट लिहायची तर प्लंबिंगवर.

मग अडतं कुठे?

'रेव्ह-पार्स'चंच बघा. सध्याच्या कमिटचा हॅश किंवा प्रोजेक्टचं मुख्य फोल्डर शोधायला ती सर्रास वापरतात. मॅन्युअलमधली तिची एका ओळीची ओळख मात्र सांगते की ही कमांड पॅरामीटर्स वेचून त्यांना आकार देते. यातून नवख्याला काय कळणार?

मग लोक ओळखीची 'गिट ब्रांच' स्क्रिप्टमध्ये टाकतात. तिच्या आउटपुटमध्ये चालू ब्रांचपुढे चांदणी (*) असते. शेल त्या चांदणीचा अर्थ 'इथल्या सगळ्या फाइल्स' असा लावू शकतं, आणि ब्रांचच्या यादीत फाइल्सची नावं घुसतात! त्याच स्क्रिप्टमध्ये पुढे ब्रांच डिलीट करण्याची ओळ असेल तर? या कामासाठी 'फॉर-ईच-रेफ' ही प्लंबिंग कमांड आहे, पण ते सांगणार कोण?

त्यात भर म्हणजे 'स्टेटस'चं स्क्रिप्टसाठीचं स्थिर आउटपुट हवं असेल, तर पर्यायाचं नाव आहे 'पोर्सेलिन'!

काय करता येईल?

माझ्या मते प्रत्येक पानाच्या सुरुवातीलाच तीन गोष्टी हव्यात: कमांड कधी वापरायची, एक छोटं उदाहरण आणि त्याचं आउटपुट. पर्यायांची लांबलचक यादी त्यानंतर.

'एआयला विचारू की' असं म्हणाल. पण एआयसुद्धा लिहिलेल्या मजकुरावरच शिकतं.

गिटचं मॅन्युअल त्याच्या कोडसोबतच, 'डॉक्युमेंटेशन' फोल्डरमध्ये असतं. तिथला बदल कोडसारखाच तपासला जातो. त्यामुळे ओपन सोर्समध्ये पहिलं पाऊल टाकायचं असेल, तर तुम्हाला न कळलेलं एखादं वाक्य शोधा. तिथूनच सुरुवात करा.