'ताबा सुटला' म्हणजे नेमकं काय सुटलं?

अपघाताची बातमी वाचा, कुठल्याही वर्तमानपत्रातली. 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने' हे शब्द हमखास सापडतील. नाहीतर 'ब्रेक फेल झाल्याने'. बातमी तिथेच संपते, आपणही पुढचं पान उलटतो. पण ताबा सुटला हे कारण नव्हे, तो परिणाम झाला. सुटलं काय? पाय घसरला? पेडल अडकलं? खालची मॅट सरकली? वायर तुटली? की चालवणाऱ्याला ती गाडी कुणी नीट शिकवलीच नव्हती? हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे हा विषय डोक्यात कायम असतो. आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण घरात गाडी असेल तर पूर्ण वाचा.

अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे आपली 'रेस'. जुन्या गाड्यांत पेडलपासून इंजिनपर्यंत सरळ एक तार जायची. पाय दाबला की तार ओढली जायची, हवा आत सोडणारी झडप उघडायची. पाय काढला की स्प्रिंग झडप बंद करायची. केबल कुजली, आत गंज चढला की रेस चिकटायची. रिक्षावाले आणि जुने मेस्त्री यांना हे चांगलं ठाऊक आहे. रिटर्न स्प्रिंग तुटली म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून चालवलेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्यात.

आताच्या बहुतेक चारचाकींत ती तार गेली. तुमचा पाय आता इंजिनला काही ओढत नाही, फक्त सांगतो. पेडलजवळचे सेन्सर पाय किती दाबलाय ते विजेच्या इशाऱ्याने संगणकाला कळवतात. संगणक ठरवतो झडप किती उघडायची, आणि एक छोटी मोटर ती उघडते. म्हणजे तुमचा पाय आणि इंजिन यांच्यामध्ये आता एक मध्यस्थ बसलाय.

मध्यस्थ आला की पहिला प्रश्न, हा बेशुद्ध पडला तर काय? इथे स्प्रिंग कामाला येते.

पेडलमध्ये साधारणपणे दोन स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी दुसरीने पेडल वर यायला हवं. सेन्सरही दोन. दोघांचे व्होल्टेज मुद्दाम वेगवेगळे ठेवतात, उदाहरणार्थ एकाचं दुसऱ्याच्या निम्मं. दोघांचा हिशेब जुळला नाही की संगणक समजतो, कुणीतरी खोटं बोलतंय. मग तो जोर कमी करतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो.

झडपेजवळची रचना मला जास्त आवडते. तिथेही दोन स्प्रिंगा, पण दोघी एकमेकींविरुद्ध. एक झडप बंद करायला बघते, दुसरी तिला पूर्ण बंद होऊ देत नाही. मोटरचा वीजपुरवठा तुटला की झडप या दोघींच्या ओढाताणीत थोडीशी उघडी राहून थांबते. पूर्ण बंद का नाही? कारण पूर्ण बंद झाली तर इंजिन गप्पकन बंद पडेल. खंबाटकी घाटात, मागे ट्रक, आणि इंजिन बंद. स्टेअरिंग जड, ब्रेकची मदत थोड्याच वेळात संपलेली. ते जास्त धोक्याचं. म्हणून गाडी पळणार नाही, पण रांगत का होईना कडेला येईल, एवढीच हवा आत जाऊ देतात. गॅरेजवाले यालाच 'लिंप मोड' म्हणतात.

सगळं बिघडलं तर वस्तूने कुठल्या स्थितीत जाऊन थांबावं, हे बिघाडाच्या कितीतरी आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली की वजनाच्या भाराने हात धोक्याच्या स्थितीत जायचा. लोकलच्या मोटरमनने हँडलवरचा हात सोडला की ब्रेक लागतो. मोठ्या ट्रकची हवा गेली की पार्किंग ब्रेक स्प्रिंगने आपोआप आवळला जातो. कुणाच्या हुशारीवर, सावधपणावर, चांगुलपणावर यातलं काही अवलंबून नाही. काही रुपयांची स्प्रिंग आणि आधी केलेला विचार, बस.

अमेरिकेत यासाठी १९७३ पासून नियम आहे, मोटार सुरक्षा मानक क्रमांक १२४. अ‍ॅक्सिलरेटर मागे आणणारे किमान दोन ऊर्जास्रोत हवेत, म्हणजे व्यवहारात दोन स्प्रिंगा. एक निकामी झाला तरी पाय काढल्यावर हलक्या गाडीत एका सेकंदात, जड गाडीत दोन सेकंदांत इंजिन आयडलला आलं पाहिजे. कडाक्याच्या थंडीत तीन सेकंद. नियम कसा असावा याचा हा नमुनाच. कोण, काय, किती सेकंदांत, सगळं स्पष्ट.

मग एवढं असूनही गडबड होते का? होते. टोयोटाचं प्रकरण आठवत असेल. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एक लेक्सस गाडी पूर्ण वेगात सुटली आणि चौघे गेले. चालवणारा स्वतः महामार्ग पोलीस दलातला होता, म्हणजे गाडी चालवण्यात कच्चा माणूस नव्हे. गाडी डीलरने तात्पुरती दिलेली होती आणि तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची मॅट टाकलेली होती. पेडल त्या मॅटमध्ये अडकलं. स्प्रिंगा शाबूत होत्या. पण मॅटने पेडल धरून ठेवलं तर स्प्रिंग बिचारी काय करणार?

त्यानंतर जानेवारी २०१० मध्ये दुसरा दोष पुढे आला. इलेक्ट्रॉनिक पेडल फारच हलकं लागतं, म्हणून जुन्या केबलसारखा थोडा विरोध पायाला जाणवावा यासाठी पेडलमध्ये घासणारा एक तुकडा मुद्दाम बसवलेला असतो. काही पेडलांत तो झिजून आणि ओलावा धरून चिकटू लागला. पेडल सावकाश वर यायचं किंवा मध्येच अडकायचं. दुरुस्ती काय केली, तर पोलादाची एक छोटी पट्टी आत सरकवली. पण त्यासाठी एकट्या अमेरिकेत तेवीस लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि आठ मॉडेलांची विक्री काही काळ थांबवावी लागली.

इलेक्ट्रॉनिक्सचं काय? अमेरिकी सरकारने थेट नासाच्या अभियंत्यांना कामाला लावलं. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात त्यांना अशा बेफाम वेगामागे इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही, दोष मॅटचा आणि चिकट पेडलचा निघाला. पण वाद तिथे मिटला नाही. २००७ च्या एका अपघाताच्या खटल्यात ओक्लाहोमाच्या ज्युरीने ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीविरुद्ध कौल दिला. तिथे गाडीचा प्रोग्राम तपासलेल्या तज्ज्ञाने त्यातल्या त्रुटी कोर्टापुढे मांडल्या होत्या. आणि मार्च २०१४ मध्ये लोकांपासून माहिती लपवल्याबद्दल कंपनीने १.२ अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं. हा दंड पेडल चिकटलं म्हणून नव्हता. चिकटतंय हे माहीत असून लोकांना सांगितलं नाही, त्याचा होता.

आता आपल्याकडे येऊ. ९ डिसेंबर २०२४ ची रात्र, कुर्ला पश्चिम. बेस्टच्या ताफ्यातली इलेक्ट्रिक बस गर्दीत शिरली. किमान सात माणसं गेली, कित्येक जखमी झाली. प्राथमिक तपासात बसमध्ये दोष आढळला नाही आणि स्वयंचलित बस चालवण्याचं चालकाला पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, अशा बातम्या आल्या. दोष कुणाचा हे कोर्ट ठरवेल, त्यावर मी बोलणार नाही. मला बोलायचंय ते प्रशिक्षणावर.

आपल्याकडचा ड्रायव्हर आयुष्यभर क्लचवर वाढलेला असतो. काहीही गडबड झाली की त्याचा डावा पाय आपोआप क्लचवर जातो. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं वेगळी. रेस कितीही चिकटलेली असो, चाकांपर्यंत जोर पोचत नाही. हा बचाव गाडीत जेवढा होता तेवढाच त्याच्या पायात होता. इलेक्ट्रिक बसमध्ये क्लच नाही. घाबरलेला डावा पाय जातो आणि त्याला काहीच सापडत नाही. उजवा पाय ब्रेक समजून चुकीच्या पेडलवर असेल तर स्प्रिंगही कामाची नाही. कारण पाय उचलल्याशिवाय स्प्रिंगचं काम सुरूच होत नाही. तिला तुमच्या मनातलं कळत नाही, फक्त पाय कळतो.

म्हणजे वीस-पंचवीस वर्षांची पायाची सवय मोडून नवी सवय लावायची आहे. ती दोन-चार दिवसांत लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा स्वतः बसावं त्या सीटवर.

इलेक्ट्रिक गाडीत हवेची झडपच नसते, त्यामुळे तिथल्या त्या दोन स्प्रिंगाही नाहीत. उरते फक्त पेडलची किंवा मुठीची स्प्रिंग, बाकी सगळा भार सेन्सर आणि कंट्रोलरवर. चांगल्या कंपन्या तिथे दुहेरी बंदोबस्त करतात. माझी काळजी स्वस्त स्कूटरची आहे. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, म्हणून नोंदणी नाही, लायसन्स नाही. शाळकरी पोरं चालवतात. अशा स्कूटरच्या मुठीत बहुतेक वेळा एक चुंबक, एक सेन्सर, तीन बारीक वायरी. त्यातली निगेटिव्हची वायर तुटली तर सेन्सरचा इशारा एकदम वर चढू शकतो, म्हणजे 'फुल रेस'. मूठ स्प्रिंगने जागेवर आलेली असते, पण कंट्रोलरला वाटतं मूठ पूर्ण पिळलीय. चांगला कंट्रोलर एवढं व्होल्टेज पाहून संशय घेतो आणि मोटर तोडतो. स्वस्तातला घेईलच असं नाही. त्यात कोपऱ्यावरच्या दुकानात कंट्रोलर बदलून वेग वाढवून घेतलेला असला तर विचारूच नका.

मग करायचं काय? माझं म्हणणं चार मुद्द्यांत.

एक, फिटनेस तपासणीत ब्रेक, दिवे, धूर बघतात तसं अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर किती सेकंदांत परत येतो, याची वेगळी ओळ कागदावर हवी. तपासायला एक मिनिट लागतं, यंत्र लागत नाही.

दोन, पालिका आणि परिवहन उपक्रम भाड्याने बस घेतात तेव्हा करारात बसची संख्या, किलोमीटर, दर सगळं असतं. चालकाला त्याच मॉडेलवर किती तासांचं प्रशिक्षण, आणि गाडी सुटली तर काय करायचं याचा प्रत्यक्ष सराव, हेही लिहा. आणि लोकांसमोर ठेवा.

तीन, मोठा अपघात झाला की बसमधल्या संगणकाची नोंद बस बनवणाऱ्या किंवा चालवणाऱ्या कंपनीकडे न सोडता स्वतंत्र तज्ज्ञांकडे द्या आणि अहवाल जाहीर करा. पेडल किती दाबलेलं होतं, ब्रेक लागला होता का, हे त्यातून कळू शकतं. तेव्हाच 'ताबा सुटला'चं खरं उत्तर मिळेल. चालकाची चूक असेल तर तेही निर्विवाद कळेल, नसेल तर एका गरीब माणसाच्या डोक्यावर सगळं फुटणार नाही.

चार, हा मुद्दा आपल्यासाठी. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळालाय. पण त्यासाठी तक्रारी नोंदवलेल्या असाव्या लागतात, ठराविक संख्येने. आपण काय करतो? इंजिनचा दिवा लागला, गाडी 'ओढत नाही', की कोपऱ्यावर जाऊन स्कॅनरने दिवा विझवून आणतो. दोष तसाच आत, नोंद कुठेच नाही. असं करू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

आज एक करा. गाडी उभी, इंजिन बंद, पेडल पूर्ण दाबा आणि सोडा. झटकन वर आलं पाहिजे. मूळ मॅटवर ती जाड सेव्हन-डी मॅट टाकली असेल तर एक काढा. पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका. आणि घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा. रेस अडकली तर गाडी न्यूट्रलला टाकायची, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा, पुन्हा पुन्हा पंप करायचा नाही, कारण इंजिन भरधाव असताना ब्रेकची मदत दोन-तीन दाबांतच संपते. धावत्या गाडीची चावी काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. थांबल्यावर बंद करा.

स्प्रिंग तिचं काम इमानदारीत करते. तिच्या वाटेत मॅट, खराब कंट्रोलर आणि अर्धवट प्रशिक्षण आपण आणून ठेवतो. पुढच्या वेळी 'ताबा सुटला' असं वाचलंत की खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न टाका, नेमकं काय सुटलं? शंभर जणांनी विचारलं तर कुणाला तरी उत्तर द्यावंच लागेल.