प्लेट मोडली, दोष कुणाचा?

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा ‘स्वस्त म्हणजे कमकुवत’ अशी शंका निघाली. हाडाला बसवलेली प्लेट मोडली की आजही तोच संशय येतो. पण धातूची ताकद किमतीवरून नव्हे, चाचणीतून कळते. ताण चाचणीत नमुना तुटेपर्यंत ओढतात. तिथे पोलाद हाडापेक्षा कितीतरी सरस ठरते. तरीही, वारंवार वाकवलेली तार तुटते, तशी पावलोपावली भार झेलणारी प्लेटही थकते. हाड वेळेत जुळले नाही, तर ती मोडू शकते. म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत त्या पायावर भार नको. आणि प्लेटचा बॅच क्रमांक डिस्चार्ज कार्डावर हवाच. त्याशिवाय खरोखर सदोष माल सापडणार कसा?