घरच्या वहीचा कागद

विठ्ठलवाडीच्या एका वाचकभगिनींनीं आम्हांस असें विचारलें आहे कीं, फाउंटन पेननें घरांतील टांचणें व रोजनिशी लिहावयाची असल्यास वही कशी पारखून घ्यावी? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्याच्या मागें एक हानि आहे. त्यांचें घर वालधुनी नदीपासून फार दूर नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे कल्याण-उल्हासनगर भागांतहि नदीकांठच्या वस्तींत पाणी शिरलें. त्यांच्या खालच्या फडताळांत दोन वह्या होत्या. एक आजेसासऱ्यांची, तींत वंशावळ, कुळाचार आणि श्राद्धतिथि. दुसरी सासूबाईंची, तींत लोणचीं, मसाले आणि बाळंतिणीच्या खुराकाचीं प्रमाणें. पहिली वाळल्यावर जशीच्या तशी वाचतां आली. दुसरीचीं पानें नुसतीं निळसर झालीं. अक्षर उरलें नाहीं. सासूबाई आतां थकल्या आहेत. त्यांच्या तोंडून तें सारें पुन्हां उतरून घ्यावयाचें, आणि तें पुन्हां जाऊं नये, एवढीच या भगिनींची इच्छा आहे.

अशा वहीची योग्यता ती लिहिली जाते त्या दिवशीं कळत नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ च्या धामधुमींत उत्तर हिंदुस्थानांत होते. घरीं परतल्यावर पुष्कळ वर्षांनीं, कल्याणचे चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनीं आपली हकीकत मोडींत लिहून काढली. वैद्यांनीं ती १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ या नांवानें छापली. पण छापतांना भाषेंत व मजकुरांत बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखित मात्र त्यांनीं पुढें पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या हवालीं केलें, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं मूळाबरहुकूम आवृत्ति काढली. मधल्या काळांत तो कागद विरला असता किंवा शाई उडाली असती, तर भटजींचे स्वतःचे शब्द आज आपणांस लाभले नसते. आपल्या घरांतील वहींत राजेरजवाडे नसतील; पण तींतील माणसें आपलीं आहेत, आणि त्यांची नोंद दुसरा कोणी ठेवणार नाहीं.

आतां कागदाकडे वळूं. कागद म्हणजे बारीक तंतूंचें दाबून बसविलेलें जाळें होय. हे तंतू उघडे राहिले तर शाई पडतांच ती शोषून घेतात, अक्षराच्या कडा फुटतात, आणि शाई पाठीमागें उतरते. तें होऊं नये म्हणून कागदास खळ द्यावी लागते. जुन्नर आणि दौलताबादेजवळील कागजीपुरा येथील कागद करणारे हें उत्तम जाणत. वाळलेल्या तावास खळ लावून ते गुळगुळीत दगडानें घोटीत, आणि अशा घोटीव कागदावर बोरूनें काढलेलें अक्षर रेखीव राही. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद दोनशें वर्षांनंतरहि वाचतां येतात, त्याचें श्रेय या खळीस व घोटाईसहि आहे. फाउंटन पेनची शाई पाण्यासारखी पातळ असते. म्हणून बॉलपेनास चालणारा कागद तिला चालत नाहीं. सबब, दुकानांत पहिला प्रश्न कागदाच्या जाडीचा न करतां त्याच्या खळीचा करावा.

गिरण्यांचा कागद आल्यावर खळहि बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढें बराच काळ राळ आणि तुरटी यांची खळ सर्वत्र रूढ होती. तिनें कागदांत आम्ल राहतें, आणि कालांतरानें पान पिवळें पडून दुमडतांच तुटतें. आपल्या माळ्यावरील जुनीं मासिकें उघडून पाहिलीं असतां याची साक्ष मिळेल. अलीकडे आम्लरहित खळीचे कागद सहज मिळतात. वहीच्या वेष्टनावर ‘अ‍ॅसिड-फ्री’ असा शब्द आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें. पन्नास वर्षें ठेवावयाच्या वहीस हा गुण सर्वांत मोठा आहे.

वजनाविषयीं लोकांत एक भ्रम आहे. कागदाचें वजन दर चौरस मीटरास इतके ग्रॅम असें मोजतात. शाळेच्या साध्या वह्यांत तें बहुधा ५४ ते ६० च्या आसपास असतें. चांगल्या वह्यांत ८० ते १००. साधारणपणें जड कागद बरा, हें खरें. परंतु जपानमधील टोमोए रिव्हर या नांवाचा कागद केवळ ५२ ग्रॅमचा असून त्यावर शाई फुटत नाहीं, आणि उलट १०० ग्रॅमच्या मऊ, अपुऱ्या खळीच्या कागदावर ती खुशाल पसरते. गांधीजींच्या प्रेरणेनें १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था निघाली, तेव्हांपासून आपल्याकडे हातकागदाच्या वह्यांची आवड आहे. त्या दिसतात सुंदर. पण प्रत्येक हातकागदाची खळ सारखी नसते, आणि खडबडीत पानावरील तंतू टांकांत अडकतात. चित्रास किंवा मंगलपत्रिकेस जो कागद शोभतो, तो रोजनिशीस सोयीचा असेलच असें नाहीं.

तेव्हां परीक्षा कशी करावी? बाजारांत जातांना आपलें स्वतःचें पेन, नेहमींची शाई भरून, बरोबर न्यावें. दुकानदारास विचारून नमुन्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपलें नांव लिहावें, एक जाड रेघ दोनदां गिरवावी, आणि एका ठिकाणीं टांक दोन क्षण टेकवून ठिपका पडूं द्यावा. मग चार गोष्टी पाहाव्या. अक्षराच्या कडा स्वच्छ आहेत कीं केसाळ झाल्या? पान उलटल्यावर ठिपका पलीकडे उतरला काय? टांक सुरळीत चालतो कीं खरवडतो? आणि शाई किती वेळांत वाळते? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर थोडें उलटें आहे. खळ चांगली असली म्हणजे शाई वर राहते व वाळावयास वेळ लागतो; तो दोष समजूं नये. आपल्या आजोबांच्या मेजावर टीपकागद असे तो याचसाठीं. वहींत त्याचा एक तुकडा ठेवला कीं काम भागतें. किंमत पाहतांना वेष्टनावरील आंकडा पानांचा आहे कीं पृष्ठांचा, हेंहि नीट वाचावें. एका पानाचीं दोन पृष्ठें होतात, आणि दोन वह्यांची तुलना तेथेंच चुकते.

कोंकणपट्टींत राहणारांनीं आणखी एक सांभाळावें. पावसाळ्यांत कागद हवेंतील ओल ओढून घेतो, आणि मार्गशीर्षांत उत्तम वाटलेली वही आषाढांत शाई फोडूं लागते. म्हणून शक्य तर परीक्षा पावसाळ्यांतच करावी. त्या दिवसांत जी उतरली ती बारमाही उतरली असें समजावें. वही भिंतीस टेकून न ठेवतां, जमिनीपासून उंच, कोरड्या कपाटांत ठेवावी. ओल आली कीं पाठोपाठ कसर व वाळवी येतातच.

बांधणी जुजबंदीची, म्हणजे घड्या दोऱ्यानें शिवलेली असावी. नुसत्या सरसानें चिकटविलेल्या वहीचीं पानें कालांतरानें सुटतात, आणि तारेच्या वहीचें छिद्र फाटून पान हरवतें. शिवलेली वही सपाट उघडते, त्यामुळें मधल्या घडीपर्यंत लिहितां येतें. गुळगुळीत, चकचकीत लेप दिलेला कागद घेऊं नये. त्यावर शाई वाळत नाहीं, आणि तो भिजला तर पानें एकमेकांस कायमचीं चिकटतात.

आतां शाई, कारण विठ्ठलवाडीच्या त्या दोन वह्यांतील भेद शाईचाहि असणार. फाउंटन पेनच्या नेहमींच्या निळ्या शाया पाण्यांत विरघळणाऱ्या रंगांच्या असतात. कपड्यावरचा डाग धुऊन निघावा हा त्यांचा गुणच आहे. पण पुराच्या पाण्यास कपडा आणि वही यांतील भेद कळत नाहीं. जुनी शाई दोन प्रकारची असे. एक काजळ व डिंक यांची; काजळाचा काळेपणा उन्हानें उडत नाहीं. दुसरी मायफळ व हिराकस यांची. ती कागदांत मुरून काळी होते आणि पाण्यास दाद देत नाहीं, मात्र प्रमाण बिघडल्यास कालांतरानें कागद खाते. आज या दोन्ही जातींच्या शाया फाउंटन पेनासाठीं सौम्य करून बनविलेल्या मिळतात. त्या वापरल्यास पेन सुकूं देऊं नये व वेळोवेळीं पाण्यानें धुवावें. काजळाची घरगुती शाई मात्र पेनांत भरूं नये, नळी तुंबते. न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, बॉलपेनाची तेलकट शाई पाण्यांत सहसा विरघळत नाहीं, व ज्यांना पेनाची निगा राखणें जमत नाहीं त्यांनीं बॉलपेनानें लिहिलें तरी हरकत नाहीं. फाउंटन पेनास हात दाबावा लागत नाहीं, बोटें दुखत नाहींत, आणि अक्षर वळणदार येतें; म्हणून आमचा कल तिकडे आहे.

शाईच्या धंद्यांत मराठी माणसाचें नांव मोठें आहे, हेंहि येथें नमूद करावें. १९३१ सालीं दांडेकर बंधूंनीं मुंबईंत शाईची पूड व वड्या करून विकावयास आरंभ केला. त्यांतूनच पुढें कॅम्लिन व तिची ‘कॅमल’ शाई घरोघर पोंचली. २०११ सालीं जपानच्या कोकुयो कंपनीनें तींतील मोठा हिस्सा घेण्याचा करार केला, आणि ही कोकुयो वह्यांसाठीं प्रसिद्ध आहे. शाई करणारा आणि वही करणारा असे शेवटीं एका घरांत आले. वापरणाराच्या मेजावर तर तीं दोन्हीं पूर्वीपासूनच एकमेकांवर अवलंबून आहेत. नवी शाई घेतली कीं जुन्या वहीची परीक्षा पुन्हां करावी, आणि लिहिलेल्या एका कपट्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. अक्षर टिकलें तरच ती शाई घरच्या वहीसाठीं राखून ठेवावी.

वही घेणें सोपें. ती भरणें कठीण. आमची सूचना अशी कीं, मोठी, भारी वही आणून तिच्या धाकानें ती कोरीच ठेवूं नये. मध्यम आकाराची, शिवलेली, आम्लरहित कागदाची एक वही घ्यावी. प्रारंभीं चार पानें अनुक्रमणिकेस सोडावीं, पानांस आंकडे घालावे, आणि प्रत्येक नोंदीपुढें तारीख व ‘सांगणार कोण’ हें लिहावें. वडील मंडळींचें प्रमाण ‘चिमूटभर’ व ‘अंदाजानें’ असें असतें. तेव्हां त्या करीत असतांनाच जवळ बसून वाटी-चमच्यानें मोजून घ्यावें, आणि त्यांचा शब्दहि तसाच ठेवावा. समास रुंद सोडावा. पुढच्या पिढीस त्यांत आपली भर घालतां येते. पान भरलें कीं मोबाइलवर त्याचें छायाचित्र घेऊन दुसऱ्या गांवच्या आप्तांकडे पाठवावें.

आणि इतकें करूनहि वही भिजलीच, तर उन्हांत टाकूं नये. पानें ओढून सोडवूं नयेत. वही उभी, किंचित उघडी धरून, पानांमध्यें टीपकागद किंवा कोरा शोषक कागद घालावा, तो वरचेवर बदलावा, आणि पंख्याच्या वाऱ्यावर सावलींत वाळवावी. घाई केली तर पान फाटतें. धीर धरला तर पुष्कळ वांचतें.