दुपारी हौद कोण भरतं?

मुलांनो, आज आधी एक गणित सोडवा बघू. एका हौदात ६० लिटर पाणी आहे. खालच्या तोटीतून दर मिनिटाला ४ लिटर पाणी वाहून जातं. हौद किती मिनिटांत रिकामा होईल? पंधरा! शाब्बास. आता समजा, तासाभराने जाऊन पाहिलं तर हौदात पाणी तेवढंच, ६० लिटर! मग काय समजायचं? माझ्या वर्गातली मुलं लगेच ओरडली, "बाई, वरून कुणीतरी पाणी ओततंय!"

अगदी असाच एक हौद आपल्या भोवतालच्या हवेत आहे बरं का! त्यात पाणी नाही, तर नायट्रस आम्लाची वाफ आहे. हायड्रोजनचा एक, नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन अणू मिळून त्याचा एक रेणू होतो. हवेच्या एक अब्ज रेणूंत असा कधी एखादाच सापडतो, प्रदूषित शहरात थोडे जास्त. मग एवढ्याशा वाफेची काळजी कशाला?

कारण तिच्यावर ऊन पडलं की रेणू फुटतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा तुकडा सुटा होतो. हा हवेचा साबण! कार्बन मोनॉक्साइड, मिथेन अशा कितीतरी वायूंवर तो तुटून पडतो. स्वतः मात्र एक सेकंदही धड टिकत नाही.

रात्रीचं कोडं तसं सोपं आहे. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड ओलसर भिंती, पानं, माती यांना चिकटतो. तिथल्या पाण्याशी त्याची क्रिया होऊन नायट्रस आम्ल तयार होतं. अंधारात ते फुटत नाही, म्हणून साठत जातं. पहाटे हौद भरलेला असतो. सूर्य उगवला की तोटी उघडते. भर दुपारी तर एक रेणू सरासरी दहा-वीस मिनिटंच टिकतो. म्हणजे दुपारपर्यंत हौद जवळजवळ कोरडा पडायला हवा.

पण तसं होत नाही! जर्मनीतल्या यूलिश या गावी १९७९ मध्ये पेर्नर आणि प्लाट या शास्त्रज्ञांनी हवेतून लांबवर प्रकाशझोत सोडून हे आम्ल पहिल्यांदा पकडलं होतं. पुढे त्याच यूलिशजवळच्या जंगलात दिवसा मोजणी झाली. उपकरण मजेदार होतं. हवा एका द्रावणात शिरते, आम्ल असेल तर द्रावण गुलाबी होतं. जितकं आम्ल, तितका रंग गडद. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. दुपारी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आम्ल! उन्हामुळे तिथे तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिलपैकी सुमारे एक-तृतीयांश याच आम्लातून येत होतं. म्हणजे कुणीतरी वरून ओतत होतं.

कोण? एक नाही, बरेच जण निघाले. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत ह्युमिक आम्लं येतात. त्यांच्यावर ऊन पडलं की तीच नायट्रोजन डायऑक्साइडचं नायट्रस आम्ल करतात. हे २००६ मध्ये प्रयोगाने दिसलं. पानांवर आणि धूलिकणांवर बसलेली नायट्रेटं उन्हाने फुटूनही ते तयार होतं. २०१३ मध्ये तर वेगवेगळ्या ठिकाणची माती प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा सुकत चाललेल्या मातीतले जिवाणूही ते हवेत सोडताना सापडले. गंमत पाहा, जे ऊन तोटी उघडतं, तेच ऊन हौद भरायलाही मदत करतं!

हे सगळे जमिनीवरचे. पण २०१२ मध्ये इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यावर शास्त्रज्ञ झेपेलिन विमानातून, म्हणजे भल्यामोठ्या फुग्यासारख्या हवाई जहाजातून, वर गेले. जमिनीशी अजून न मिसळलेल्या सकाळच्या हवेतही त्यांना हे आम्ल मिळालं. वरच्या वर ते कसं होतं, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत.

आईबाबा विचारतील, या हिशेबाचा उपयोग काय? तर हाच साबण धुराच्या हवेत काम करताना जमिनीलगत ओझोन तयार व्हायला हातभार लावतो. उंच आकाशातला ओझोन आपला रक्षक आहे; पण नाकाजवळचा ओझोन फुफ्फुसांना आणि पिकांना घातक. दुपारी हौद कोण भरतं हे धरलंच नाही, तर 'उद्या हवा किती खराब असेल' हा अंदाजही चुकतो. धूर कुठे आणि किती कमी करायचा, तेही नीट ठरत नाही.

तेव्हा मुलांनो, हिशेब जुळला नाही की लगेच खाडाखोड करू नका. आधी विचारा, कुठला नळ मोजायचा राहिला?

आता तुमच्यासाठी प्रश्न: ढगाळ दुपारी या हौदाची तोटी बारीक होईल की मोठी? आणि वरून ओतणाऱ्यांचं काय होईल? विचार करून वहीत लिहून ठेवा. पुढच्या अंकात उत्तर ताडून पाहू!