एक कान पुरत नाही



एका कानाने चांगले ऐकू येत असताना बंद पडलेले कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणयंत्र) लाखो रुपये घालून बदलणे म्हणजे चैन, असे मत गेल्या आठवड्यातील पत्रात वाचले. माझ्यावर तीच वेळ आली आहे, म्हणून लिहितो.

माझा उजवा कान पूर्ण बहिरा. इम्प्लांट चालू होते तोवर वर्ध्याच्या बजाज चौकात ऑटो कुठून येतोय ते कळायचे. आता हॉर्न ऐकू येतो, बाजू उमगत नाही. रस्त्याच्या मधोमध पाय थबकतात. पंगतीत उजवीकडून वाढपी काय विचारतो, तेही निसटते. आवाजाची दिशा मेंदू मुख्यतः दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. एकटा कान कितीही तल्लख असला, तरी ते काम नीट होत नाही.

दोन्ही कानांनी बहिऱ्या बालकांना मदत आधी मिळावी, हे पत्रलेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यामुळे एका कानाने बहिरे असलेल्या आमची गरज खोटी ठरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये एका कानाच्या बहिरेपणासाठीही इम्प्लांटला मान्यता दिली. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मात्र दोन्ही कानांतला दोष पाहतो. आम्ही त्यात बसतच नाही.

इम्प्लांटचा बाहेरचा प्रोसेसर बदलता येतो, पण आतल्या यंत्रासाठी पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा मॅपिंग (यंत्राची कानाशी जुळणी), पुन्हा ऐकण्याचा सराव. एवढे सारे हौसेखातर कोण करेल?

– एक वाचक, वर्धा